चौतीस वह्यांचे काम : अण्णांच्या स्मरणपुस्तिकेच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, चिपळूण

अण्णांना जाऊन दोन महिने झाले. वर्षश्राद्धाला येणाऱ्या नातेवाइकांच्या हाती त्यांच्या आयुष्याची एक छोटी पुस्तिका द्यावी असे आम्हा तिघा भावंडांचे ठरले असून मजकूर जमवण्याचे आणि लावण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अशा पुस्तिका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पहिल्या पानावर हार घातलेला फोटो, त्याखाली प्रेमळ, मनमिळाऊ आणि कुटुंबवत्सल ही तीन विशेषणे, आणि पुढे प्रत्येकाच्या लेखात तीच तीन विशेषणे मागेपुढे करून लावलेली. त्यातून गेलेला माणूस काही कळत नाही.

आमच्याकडे त्याहून बरे साधन आहे. एस.टी.त कंडक्टर म्हणून लागल्याच्या महिन्यापासून, म्हणजे १९७० पासून, अण्णांनी घरखर्चाचा रोजचा हिशेब लिहिला, आणि त्या वह्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. आज ट्रंक खाली काढून मोजल्या. चौतीस भरल्या. त्यांपैकी एकोणीस बऱ्यापैकी वाचता येतात, नऊ वह्यांची काही पाने सुटी होतात आणि काही होत नाहीत, आणि सहा वह्यांच्या नुसत्या विटा झाल्या आहेत. २२ जुलै २०२१ च्या पुरात हा सगळा ऐवज पाण्याखाली होता.

२००५ च्या जुलैतल्या पुरानंतर अण्णांनी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेपासून दोन फूट मोजून वर नवी फळी ठोकून घेतली होती आणि ‘आता काही भीती नाही’ असे सांगितले होते. २०२१ चे पाणी त्या फळीच्याही चार बोटे वर चढले.

२१ जानेवारी

वह्यांच्या आजच्या अवस्थेला पुराइतकीच त्यानंतरची वाळवणीही कारण आहे, असे आता दिसते. रस्ते बंद असल्यामुळे मी चौथ्या दिवशी पोहोचलो, तोवर आई-अण्णांनी वह्या पुसून, मिटलेल्याच ठेवून, जिथे ऊन येईल तिथे वाळत टाकल्या होत्या. मिटलेली ओली वही उन्हात ठेवली की कडा आधी सुकतात, आतली ओल तशीच कोंडते, कागदावरची खळ आणि गाळाची माती मिळून पानाला पान घट्ट धरतात आणि मागाहून बुरशी येते. सावलीत, पंख्याखाली, दर पाच-सात पानांआड कोरा टीपकागद घालून आणि तो सारखा बदलून वाळवायला हवे होते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि ज्यांना पिण्याच्या पाण्यासाठी रांगेत उभे राहावे लागत होते त्यांना ते कोणी सांगणार तरी कसे?

कामाची पद्धत अशी ठरवली आहे. तोंडावर मास्क, हातात मऊ ब्रश, आणि पाने सोडवायला बांबूची घासून पातळ केलेली चपटी काडी, कारण सुरीने कागद कापला जातो. पान सुटले की लगेच सपाट स्कॅनरवर रंगीत प्रत घ्यायची. वाचायचे नंतर. आधी वाचत बसलो की काम पुढे सरकत नाही, हा आजचा अनुभव आहे. दिवसभरात अकरा पाने झाली.

शाईचे एक निरीक्षण. १९८३ पर्यंत अण्णा फाउंटन पेनने लिहीत, ती निळी शाई पाण्याबरोबर वाहून पानभर आभाळ झाले आहे. पुढचे बॉलपेनचे लिखाण मात्र चिखलातूनही स्वच्छ निघते, कारण ती शाई तेलकट असते. पेन्सिलीला तर काहीच झालेले नाही. सुरुवातीच्या वर्षांत मुक्कामाच्या गावी लिहिलेल्या नोंदी पेन्सिलीच्या आहेत, कारण गाडीच्या हादऱ्यांनी पेन खिशात गळत असे. त्यामुळे त्या काळातले अण्णा घराबाहेर असलेले दिवस शाबूत आहेत आणि घरी असलेले दिवस पुसले गेले आहेत.

३ फेब्रुवारी

नऊ अर्धवट वह्यांतली एक, १९८८ ची. मे महिन्याचे पान गाळाला चिकटून फाटून आले, त्यावर एक अक्षर उरलेले नाही. सहज म्हणून त्याखालचे पान टेबलावर ठेवले, खोलीतला दिवा मालवला आणि मोबाइलची बॅटरी पानाला जवळजवळ टेकवून आडवी धरली, तेव्हा कागदावर दाबलेल्या रेघांच्या सावल्या उठल्या. आधी ‘श्री’, मग ‘रॉकेल’, मग रकान्याची उभी रेघ, आणि उजव्या बाजूला खालपर्यंत उतरत गेलेले आकडे. बॅटरी एका बोटाने वर उचलली की सगळे नाहीसे, खाली नेली की पुन्हा हजर.

अण्णांचा हात जड होता. वेबिल, म्हणजे फेरीच्या तिकिटांचा हिशेब, लिहिताना खालच्या कार्बनवरची प्रत उठली पाहिजे म्हणून कंडक्टर पेन दाबून चालवतो, आणि चौतीस वर्षांच्या नोकरीत ती सवय घरच्या वहीतही उतरली. आई त्यांना म्हणे, ‘वहीला भोके पडतील हो.’ त्या भोकांच्या बळावर आज पाऊण महिना परत मिळाला.

१८ फेब्रुवारी

आज अण्णांच्या जोडीच्या ड्रायव्हरकाकांकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, पण मार्ग पाठ आहेत. अण्णांच्या वह्यांत तारखेपुढे ‘मु.’ अशी खूण येते ती मुक्कामाच्या गाडीची, हे त्यांनी पक्के केले. संध्याकाळी चिपळुणातून निघून गुहागर तालुक्यातल्या एखाद्या शेवटच्या गावी जायचे, रात्री तिथेच राहायचे आणि पहाटे शाळा-कॉलेजची मुले, भाजीवाल्या आणि दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसे घेऊन परतायचे, अशी ती ड्युटी असते. वेळणेश्वरच्या बाजूला देवळाच्या ओवरीत झोपत. पावसाळ्यात गाडीतच, कंडक्टर मागच्या लांब बाकावर आणि ड्रायव्हर पुढे बॉनेटच्या शेजारी. कोणीतरी भाकरी आणि कुळथाचे पिठले आणून देई. त्या बदल्यात चिपळुणातून कोणाची औषधे, कोणाच्या शिलाई मशीनचा पट्टा, कोणाचे वर्तमानपत्र असे सामान आणण्याचे काम कंडक्टरकडे असे, आणि अण्णा त्याचीही चिठ्ठी करून वहीत टाचत.

घरी येऊन मोजले. पेन्सिलीच्या कृपेने १९७७ हे वर्ष पूर्ण आहे: एकशे बेचाळीस मुक्काम. तेव्हा अक्का पाच वर्षांची आणि मी तीन वर्षांचा होतो. ज्या माणसाला आम्ही कुटुंबवत्सल म्हणून छापणार आहोत, तो त्या वर्षी पाचांतल्या जवळजवळ दोन रात्री घराबाहेर झोपला होता. पुस्तिकेचे पहिले वाक्य हे असावे असे मला वाटते. धाकट्या भावाला फोनवर वाचून दाखवले, त्याला ते मुळीच पसंत पडलेले नाही.

ड्रायव्हरकाकांनी आणखी एक सांगितले ते इथे लिहून ठेवतो. मुक्कामाला रात्री ट्रे, तिकिटे आणि रोकड मोजून झाली की अण्णा घरची वही काढत, आणि त्या दिवशी स्वतः काही खर्च केला नसला तरी ‘आज घरी दूध, भाजी’ असे लिहून आकड्याची जागा मोकळी ठेवत. घरी आल्यावर आईला विचारून ती भरत. वह्यांत अशा जागा दिसतात: शब्द पेन्सिलीचा आणि आकडा शाईचा. शाई वाहून गेल्यामुळे आता शब्द तेवढे उरले आहेत.

३ मार्च

काकांचा लेख आला. अण्णांचे हे धाकटे भाऊ पुढे मुख्याध्यापक झाले, आणि लेख मुख्याध्यापकांनी लिहावा तसाच आहे. ‘माझे बंधू म्हणजे वटवृक्ष’ अशी सुरुवात. १९७२ ते १९७६ या काळात ते रत्नागिरीला शिकत असताना अण्णांनी दर महिन्याला मनीऑर्डर केली, हे मात्र लेखात एका ओळीत उरकले आहे. वहीत ती दर महिन्याला आहे: ‘म.ऑ. रत्नागिरी ४०’, पुढे १९७५ पासून ४५. मी काकांना विनंती केली की वटवृक्ष राहू द्या, मनीऑर्डर हाती आल्यावर तुम्ही काय करत होता ते लिहा. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, ‘फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिहायला जागा असते. तिथे दादा लिहायचा, पैसे पोचल्याचे कळव. बाकी काही नाही. मी कधी कळवले नाही, पोस्टाची पोच जातेच म्हणून.’ लेख पुन्हा लिहून पाठवतो म्हणाले आहेत.

२४ मार्च, होळी

शिमग्याला सगळे घरी. पालखी परवा आमच्या आळीत येईल. दुपारी जेवणे झाल्यावर माजघरात प्रती पसरून बसलो आणि बरेच दिवस अडलेला एक प्रश्न सगळ्यांपुढे ठेवला. जून १९७९ पासून ऑक्टोबर १९८५ पर्यंत दर महिन्याच्या सात तारखेच्या आसपास नुसते ‘ह. २५’ असे लिहिले आहे. हा ‘ह.’ कोण? धाकट्याने खालच्या आवाजात दोन-तीन तर्क केले, त्यांतले निदान एक अण्णांच्या स्मरणपुस्तिकेत शोभणारे नव्हते. मी भिशीवर होतो. अक्का म्हणाली, हरी सोनारच असणार, नाहीतर कोण.

आई आतून पुरणाचा हात धुऊन आली. ‘हरी कसला? हप्ता,’ ती म्हणाली. ‘सोनार हे खरे. आत्याच्या लग्नाला माझ्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. सोडवल्या तेव्हा दसरा होता.’

सत्त्याहत्तर हप्ते, एकोणीसशे पंचवीस रुपये. ऑक्टोबर १९८५ च्या पानावर, बॉलपेनने असल्यामुळे स्वच्छ, ‘पाटल्या आणल्या’ असे आहे, आणि त्याच दिवशी खाली ‘चप्पल दुरुस्ती ०.७५’. त्या दिवशी पाटल्या घालून देवळात गेलीस का, असे मी आईला विचारले. ती म्हणाली, ‘त्यांना रात्रीची गाडी होती. दुसऱ्या दिवशी आल्यावर घातल्या.’

९ एप्रिल

पाडवा. काम बंद.

२८ एप्रिल

फोटोंचे काम हाती घेतले. एकूण बेचाळीस, त्यांपैकी आई-अण्णांच्या १९७१ च्या लग्नाचा फ्रेममधला फोटो काचेला चिकटला आहे. ओढून काढला तर चेहरे काचेवर राहतील. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो. तो ओला होऊन वाळताना काचेला धरतो आणि पुन्हा ओला झाला तरच सोडण्याची शक्यता असते. आधी काचेवरूनच चांगली प्रत घेतली, मग काचेसकट फोटो स्वच्छ थंड पाण्याच्या पसरट ताटात ठेवला. चाळीस मिनिटांनी एक कोपरा हलला. घाई न करता आणखी अर्धा तास थांबलो. आई पूर्ण सुटली. अण्णांचा उजवा खांदा आणि मुंडावळीची एक बाजू काचेवर राहिली.

ही प्रत दुरुस्त करून घ्यावी असे धाकट्याचे म्हणणे आहे. हल्ली संगणकावर हरवलेला खांदा सहज काढून मिळतो. मी नको म्हटले. ज्या बाजूने जे गेले ते तसेच छापावे.

बाकी फोटोंत अण्णा फार थोड्या ठिकाणी आहेत. सहली अशा तीनच झाल्या, तिन्ही कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या मोफत पासावर: पंढरपूर, कोल्हापूर आणि एकदा औरंगाबाद-वेरूळ. वेरूळच्या फोटोत कैलास लेण्याच्या अंगणात आम्ही चौघे रांगेत उभे आहोत आणि जमिनीवर फोटो काढणाऱ्याची सावली पडली आहे. ती अण्णांची. गाडीत ते प्रवासी म्हणून बसले तरी भाड्याचे टप्पे मोजत. ‘सहा किलोमीटर झाले, आता पुढचा टप्पा,’ असे त्यांनी आम्हाला औरंगाबादपर्यंत ऐकवले होते. आम्हाला पुढे पाढे पाठ करायला लागले तेव्हा सहाचा आधीच येत होता.

१९ मे

आजचे पान लिहायचे की नाही यावर दोन दिवस घालवले.

३ फेब्रुवारीला ज्या वहीतला मे महिना मिळाला, तिच्यातच पुढे जून १९८८ आहे. अक्का त्या वर्षी दहावी पास झाली होती आणि पुण्याला डिप्लोमाला जायचे म्हणत होती. अण्णांनी ‘मुलीला एकटीला पुण्याला ठेवणे जमणार नाही’ असे एका वाक्यात सांगून तो विषय संपवला, अक्का चिपळुणातच बी. कॉम. झाली, आणि घरात हे इतक्यांदा इतक्या शांतपणे सांगितले गेले आहे की त्यात काही दुखणे आहे हे आम्ही दोघे भाऊ विसरूनच गेलो होतो. १९९६ मध्ये धाकट्याला इंजिनिअरिंगला पुण्यालाच पाठवले. त्यासाठी सोडवून आणलेल्या पाटल्या आईने स्वतः मोडल्या.

जून १९८८ च्या पानावर, १४ तारखेला, असे आहे: ‘अक्का, पुणे, फॉर्म १५.००’. म्हणजे फॉर्म आणला होता. तो भरला गेला नाही, परत केला गेला नाही, कोणाला दाखवलाही गेला नाही. त्या महिन्यात दुसरीकडे कुठे त्याचा उल्लेख नाही. १७ जूनपासून सलग पाच मुक्काम आहेत.

प्रत अक्काला पाठवली. मला वाटले होते, तिला बरे वाटेल. संध्याकाळी तिचा फोन आला. ती म्हणाली, ‘फॉर्म आणला आणि तरी पाठवले नाही, हे तर जास्तच झाले. छाप. पण खाली काही लिहू नकोस. अण्णांना मनातून पाठवायचे होते वगैरे तर अजिबात नको. तुला माहीत नाही, मलाही माहीत नाही.’

नोंद छापायची. खाली काही लिहायचे नाही.

२२ जुलै

पुराला तीन वर्षे झाली. बाहेर पाऊस आहे आणि आळीतली माणसे सवयीने नदीकडच्या बाजूला बघून येत आहेत. भिंतीवर अण्णांनी पेन्सिलीने ओढलेल्या दोन्ही रेघा मोजल्या: २००५ ची जमिनीपासून सहा फुटांवर, २०२१ ची आठ फूट तीन इंचांवर. रंग देताना त्यांनी तेवढा पट्टा रंगाऱ्याला सोडायला लावला होता.

ट्रंकेबाहेरची पस्तिसावी वही १ ऑगस्ट २०२१ ला सुरू होते. पहिली ओळ: ‘वही ४०’. मग ब्लीचिंग पावडर, फिनेल, खराटे दोन, काड्यापेट्या, आणि ‘लायब्ररी, चौकशी’. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर ही १८६४ ची संस्था आमच्या गावाचा अभिमान आहे आणि २००५ प्रमाणे २०२१ मध्येही तिथे पाणी शिरले. अण्णा स्वतः वर्तमानपत्रापलीकडे वाचत नसत, पण आईसाठी दर आठवड्याला तिथून पुस्तक आणण्याचा नेम त्यांनी निवृत्तीनंतरही चालवला. आईला विचारले की घरात घोट्याएवढा गाळ असताना ते लायब्ररीत कसली चौकशी करायला गेले होते. ‘माझ्याकडे त्यांचे एक पुस्तक होते ना,’ ती म्हणाली. ‘ते वाहून गेले, त्याचे पैसे किती भरायचे ते विचारायला. तिथल्या माणसाने यांना हात जोडले.’

८ सप्टेंबर

काल गणपती बसले, आज दीड दिवसाचे विसर्जन. गर्दीतच मांडणी दाखवून घेतली. बहात्तर पाने, साठ प्रती. धाकट्याने विशेषणांचा आग्रह सोडला आहे. त्याच्या बदल्यात वडिलांनी त्याला पुण्याच्या गाडीत बसवून दिले त्या पहाटेविषयी दीड पान लिहून दिले, आणि ते सगळ्या मजकुरात उत्तम आहे, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही. काकांचा नवा लेख अर्धाच पान आहे. वटवृक्ष गेला.

सहा विटांचे काय करायचे हा प्रश्न होता. त्या फोडायला गेलो तर भुगा होईल. आईने त्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवायला सांगितल्या.

१० नोव्हेंबर

छापखान्यात पाठवण्याआधीचे शेवटचे वाचन. अक्का एका पतपेढीत तीस वर्षे हिशेब सांभाळून गेल्या वर्षी निवृत्त झाली, त्यामुळे नमुन्यादाखल छापायची सहा पाने तिच्याकडे दिली होती. मार्च १९८४ च्या पानावर तिने पेन्सिलीने गोल केला: बेरीज दहा पैशांनी चुकली आहे. नोंदींप्रमाणे हाती जेवढे उरायला हवे त्याहून शिल्लक दहा पैशांनी जास्त दाखवली आहे.

हे आम्हाला खरे वाटेना. रोकड कमी भरली तर कंडक्टरला ती खिशातून घालावी लागते. अशी धास्ती पोसलेला माणूस चार आण्यांसाठी रात्री अकरापर्यंत वही घेऊन बसलेला आम्ही पाहिला आहे. अक्काने पुन्हा बेरीज केली, मी केली, धाकट्याने मोबाइलवर केली. दहा पैसे जास्तच. छापताना आकडा दुरुस्त करावा की तसाच ठेवावा यावर वाद सुरू झाला. आईने चष्मा लावला, पान जवळ ओढले आणि बोटाने एकेक ओळ खाली उतरत स्वतः बेरीज केली.

‘बरोबर आहे,’ ती म्हणाली. ‘सुट्टे नव्हते म्हणून कोणालातरी तिकिटामागे दहा पैसे लिहून दिले असतील. तो घ्यायला आला नसेल. यांनी नोकरीचे आणि घरचे पैसे एकत्र मोजले, दुसरे काय.’

अण्णांनी तसे पैसे कधी एकत्र केले नसते, असे अक्का म्हणाली. आई म्हणाली, ‘एकदा केले असतील.’

पान जसेच्या तसे छापायचे. मजकूर रात्री पाठवला. प्रती मंगळवारी मिळतील.